तळघरात बोलायचं नाही

आमच्या तळघरात हल्ली इतकी बडबड चालते की पाहुण्यांना वाटतं, खाली लग्नघर आहे. सून पिंपं धुता धुता फोनवर बोलते, मुलगा पंपावर खेकसतो, नात गाणी लावते. मी जिन्याच्या पायरीवर बसून ऐकते आणि मनातल्या मनात हसते. मी लग्न होऊन आले तेव्हा याच तळघरात शिंकायचीसुद्धा चोरी होती.

आमची वाइन फळांची. आलुबुखार, नासपती, तुती. द्राक्ष सोडून सगळं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वाइन कानांनी करायचे. प्रत्येक पिंपाच्या बुचात पाणी भरलेली एक वाकडी काचेची नळी असे. आत रस आंबू लागला की नळीतून बुडबुडे निघत, गुडुक, गुडुक. कुठलं पिंप जोरात आहे आणि कुठलं दमलंय, ते मामंजींना त्या आवाजावरून कळे. म्हणून खाली बोलायला बंदी. सांगायचं ते हातवारे करून.

सासूबाई बोलक्या. खाली त्यांचा जीव नुसता कासावीस व्हायचा. त्याचं उट्टं त्यांनी वर काढलं होतं: जेवताना धंद्याचं नाव काढायचं नाही. "खाली तुमचं राज्य, वर माझं," असं त्या मामंजींना ऐकवायच्या. मग कामाचं बोलायचं तरी कुठे, हा प्रश्न त्या घरात कुणाला पडलाच नव्हता.

आदल्या वर्षीची वाइन इतकी आंबट झाली होती की सासूबाई तिने तांब्याची भांडी घासायच्या. चुलत सासऱ्यांचा बटाट्यांचा व्यापार. तळघरावर त्यांचा कधीपासून डोळा होता. शेवटी मामंजी वैतागून त्यांना म्हणाले, "यंदा वाइनच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं नाही, तर घे ते तळघर. भर तुझे बटाटे." दिलेला शब्द मामंजी फिरवत नसत. त्या दिवसापासून घरात सगळे जरा हळूच चालायला लागले.

मग आलुबुखाराच्या मोठ्या पिंपात साखर घालायची वेळ आली. मामंजींनी हात गोल फिरवून खूण केली आणि ते बागेत गेले. पिंपाच्या एका बाजूला सासूबाई उभ्या होत्या, दुसऱ्या बाजूला आमचे हे. दोघांनाही वाटलं, खूण आपल्यालाच. सासूबाईंनी लगेच साखर घातली. यांनी जेवण उरकून आल्यावर घातली. आणि संध्याकाळी मामंजींनी, या दोघांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही असं ठरवून, स्वतः घातली.

पिंप हळूहळू गप्प झालं. मामंजी त्याला कान लावून बसले, जसं आजारी माणसाच्या उशाशी बसावं. चव घेतली तर नुसता पाक.

त्या दिवशी जेवताना मामंजींनी तोंड उघडलं, "ते मोठं पिंप..."

"जेवताना नको," सासूबाई म्हणाल्या.

मी नवी सून. पण माझ्याच्याने राहवेना. "मग बोलायचं कधी, सासूबाई? त्यावर बटाटे रचल्यावर?"

सगळ्यांचे घास हातातच राहिले. मग हे चाचरत म्हणाले, "साखर तर मी बरोबर मापून घातली होती."

"तू?" सासूबाई ओरडल्या. "अरे, मी घातली होती!"

मामंजी ताटाकडे बघत राहिले. "अगं," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मीपण."

हे आधी हसले, मग सासूबाई हसल्या. मामंजी मात्र न जेवता उठले.

सकाळी मी खाली गेले. कपात आदल्या वर्षीची, भांडी घासायची ती आंबट वाइन थोडी घेतली, वर थोडा तो पाक ओतला आणि चाखून पाहिलं. पुन्हा चाखलं. मग त्या तळघरात मी चक्क हाक मारली, "मामंजी! इकडे या!" माझाच आवाज भिंतींवर आपटून परत आला तशी मी दचकले.

ते रागाने लाल होऊन आले. मी कप पुढे केला. ते प्यायले. राग चेहऱ्यावर होता तिथेच विरघळला.

"पिंप मेलं नाही, मामंजी. साखरेने गुदमरलंय. त्याला या आंबटात थोडं थोडं सोडून बघू या?"

आम्ही चौघांनी तसं केलं, रोज एकमेकांना विचारून, मोठ्याने. आणि एका सकाळी नळीतून आवाज आला. गुडुक. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

प्रदर्शनाच्या दिवशी आमच्या टेबलाशी सगळ्यात आधी कोण यावं? शेजारच्या मळ्यातले द्राक्षवाले. ते आम्हाला "सरबतवाले" म्हणायचे. त्यांनी एक घोट घेतला, पेला उजेडात धरला, आणि मुकाट्याने पुन्हा पुढे केला.

"सरबतवाले, यात घातलंय तरी काय?"

मामंजी सवयीने गप्पच. सासूबाईंनी पदर सावरला. "तिघांची साखर," त्या म्हणाल्या, "आणि एका सुनेचं तोंड."

पहिलं बक्षीस आमच्या बाटलीला मिळालं. नाव पुकारलं तेव्हा द्राक्षवाल्यांनीच सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, आणि मामंजी, जन्मभर खुणांनी बोललेला माणूस, भर मंडपात "आमची! आमची!" म्हणून ओरडले.

घरी आलो तर चुलत सासरे तळघरात हजर. निकाल त्यांना कळलाच नव्हता. मोजायची टेप घेऊन ते भिंतीशी वाकले होते. मामंजींनी बाटली पिंपावर ठेवली, गळ्यात बक्षिसाची लाल फीत असलेली, आणि ते जिना चढू लागले.

चुलत सासऱ्यांनी फितीकडे पाहिलं आणि टेप गुंडाळायला घेतली.

"थांब, थांब," मामंजी जिन्यावरून गरजले. "टेप आणलीच आहेस तर मोज. अजून दोन पिंपं कुठे बसतील ते बघ. आणि मोठ्याने सांग, मला इथवर ऐकू येत नाही!"