ब्रेल छपाईयंत्राचा पूर्वजन्म

"डोळे मिटा!" यंत्रगुरू गरजले, आणि चमत्कार बघायला वाचनालयात जमलेल्या शेजारपाजारच्या तीसेक माणसांनी निमूटपणे डोळे मिटले.

वकीलबाईनं मिटले नाहीत. तिला त्याची गरज नव्हती. तिला जन्मापासून दिसत नाही. मी एक डोळा किलकिला ठेवला होता, पण माझ्या पुढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष उभे होते आणि त्यांची पाठ एका डोळ्यात मावणारी नाही. तेव्हा पुढच्या पाच मिनिटांत काय घडलं, ते मीही पाहिलं नाही.

"आता मी म्हणेन ते माझ्यामागून म्हणा. मोठ्यानं! ये ओळखीत, ये!"

"ये ओळखीत, ये!" सगळे ओरडले. एरवी ह्याच खोलीत कुणी खोकलं तरी ग्रंथपालबाई चष्म्यावरून बघतात.

"उघडा!"

उघडले. मघापर्यंत मेल्यागत पडलेल्या स्कॅनरची काच उजळली होती आणि आतली दिव्याची पट्टी सावकाश सरकत होती. यंत्रगुरू घाम पुसत होते. त्यांच्या उजव्या हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं. तेच त्यांनी सुरुवातीला कॉम्प्युटरच्या डब्यावरून सात वेळा फिरवलं होतं. मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी हात जोडले. कुणाला, ते कळलं नाही, बहुधा स्कॅनरला.

आता हे काय प्रकरण, ते सांगतो.

आमचं वाचनालय दृष्टिहीन वाचकांसाठी आहे. मला नीट दिसतं, पण निवृत्त माणूस घरात दिसू लागला की घरच्यांना त्रास होतो, म्हणून मी रोज तिथं जाऊन पुस्तकं तपासून देतो. एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि कागदावर उठावाचे ठिपके ठोकणारं एक ब्रेल छपाईयंत्र, हा आमचा सगळा संसार. कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सकाळी बटण दाबावं, चहा करावा, प्यावा, कप विसळावा, मग तो उठायचा. अध्यक्षांनी कुठूनसे हे यंत्रगुरू आणले. त्यांनी पुस्तकांच्या फाइली तेवढ्या बाजूला काढल्या, तीन तासांत कॉम्प्युटरमधलं बाकी सगळं पुसलं आणि नवी प्रणाली टाकली.

कॉम्प्युटर तरुण झाला, पण कुणाला ओळखेना. इंटरनेट नाही, स्कॅनर नाही, छपाईयंत्र तर नाहीच. पडद्यावर नुसता पिवळा त्रिकोण आणि खाली दोन शब्द: 'अनोळखी उपकरण'.

"होणारच!" यंत्रगुरू प्रसन्नपणे म्हणाले होते. "यंत्राचा नवा जन्म झालाय. मागच्या जन्मीची नाती पुसली गेली. तुम्हाला आठवते का तुमची मागच्या जन्मीची बायको?"

"ह्या जन्मीची विसरू देत नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात ग्रंथपालबाईंनी कपाटातून एक तबकडी काढली. "छपाईयंत्राच्या खोक्यात ही सीडी आली होती. हिचा काही उपयोग होईल का हो?"

यंत्रगुरू विंचू दिसल्यासारखे दोन पावलं मागे सरले. "मागच्या जन्माची राख! आणि ही तुम्ही कपाटात जपून ठेवलीत? अहो, हिच्यामुळेच तर सगळं अडलंय!" त्यांनी ती चिमटीत धरली, काळ्या फडक्यात गुंडाळली आणि वाहत्या पाण्यात सोडतो म्हणून घेऊन गेले. बाई इतक्या घाबरल्या की त्यांनी कपाट दोनदा पुसलं.

मग ठरल्या 'ओळख-बैठका'. एका बैठकीत एकच यंत्र. पहिल्या बैठकीत इंटरनेट आलं, दुसऱ्या बैठकीत आज स्कॅनर. आणि ब्रेल छपाईयंत्र?

"ते जड आहे," यंत्रगुरू वेटोळं पिशवीत ठेवत म्हणाले. "जड यंत्राची स्मृतीही जड. तीन आठवडे तरी लागतील."

"माझी परीक्षा नऊ दिवसांवर आहे," वकीलबाई म्हणाली.

ती अजून वकील झालेली नाही, पण बोलते तशी, म्हणून सगळे तिला वकीलबाई म्हणतात. पुराव्याच्या कायद्यात ती मागच्या वर्षी चार गुणांनी गेली होती. एका कचेरीत तिच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, ती ह्या निकालापर्यंतच. अभ्यासाचे शेवटचे दोन खंड कॉम्प्युटरात तयार होते, फक्त छापायचे राहिले होते.

"अगं, कॉम्प्युटर तुला वाचून दाखवतो ना? ऐकून कर अभ्यास," अध्यक्ष म्हणाले.

"अध्यक्ष, तुम्ही तुमचा बँकेचा फॉर्म कधी नुसता ऐकून भरलाय? कलम, पोटकलम, अपवाद, अपवादाला अपवाद. बोटाखालून गेल्याशिवाय माझ्या डोक्यात बसत नाही ते."

"शंका घेणाऱ्यांवर यंत्रं अशीच रुसतात," यंत्रगुरू मृदू आवाजात म्हणाले आणि सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू छपाईयंत्र तिनंच बिघडवलं होतं.

जिन्यात तिनं माझा कोपरा धरला.

"काका, तुम्हाला काय दिसलं?"

"अध्यक्षांची पाठ."

"मला सगळं ऐकू आलं."

आमच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावर जे येईल ते बोलून दाखवणारा एक प्रोग्राम आहे. प्रत्येक खिडकी, प्रत्येक बटण. नवी प्रणाली आल्याआल्या ग्रंथपालबाईंनी तो स्वतः टाकला, कारण त्याच्याशिवाय आमच्या वाचकांना कॉम्प्युटर म्हणजे नुसता डबा. मात्र दिवसभर ती बडबड इतरांना नको, म्हणून हेडफोन कायम लावलेला असतो. त्याची वायर चांगली लांब आहे. यंत्रगुरूंनी वकीलबाईला खुर्चीवरून उठवून बाजूला बसवलं होतं, पण गळ्यातला हेडफोन काढायचं तिच्याही लक्षात आलं नाही आणि त्यांच्याही.

"तुम्ही सगळे 'ये ओळखीत' करून कोकलत होतात ना, तेव्हा माझ्या कानाशी काय चाललं होतं सांगू?" आणि तिनं त्या प्रोग्रामचा सपाट, कंटाळलेला आवाज काढला. "पेन ड्राइव्ह जोडला. स्कॅनर, फोल्डर. सेटअप. पुढे, बटण. पुढे, बटण. मला सर्व अटी मान्य आहेत, खूण केली. पूर्ण करा, बटण."

"अटी मान्य केल्या त्यानं?"

"न वाचता, काका! मला तर तेच जास्त लागलं."

"चल, आत्ताच्या आत्ता वर जाऊन सगळ्यांना सांगू."

"काय सांगणार? तीस जणांचे डोळे मिटलेले, पेन ड्राइव्ह त्याच्या खिशात. तो म्हणेल, पोरीला भास झाला. एकटीच्या साक्षीवर उभं राहायचं असेल तर जोडीला काहीतरी भक्कम लागतं. तोच विषय राहिलाय माझा."

"मग त्याला सोड. इंटरनेट आलंय, तिथून नाही का मिळणार ते?"

"शोधलं. यंत्राच्या मागच्या पत्र्यावरचा नंबर बोटानं वाचला आणि घातला. ते बनवणारी कंपनीच बंद पडलीय. सॉफ्टवेअर होतं ते फक्त आपल्या सीडीत."

"आणि ती तर पाण्यात सोडली!"

"सोडली म्हणतो," वकीलबाई म्हणाली. "पण छपाईयंत्र तीन आठवड्यांनी नक्की चालू होईल, असंही म्हणतो. कशाच्या जोरावर?"

मी जिन्याच्या कठड्याला टेकून त्यावर विचार केला. माझ्यासारख्याला इतका वेळ लागायला नको होता.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईनं अध्यक्षांना गाठलं. आवाजात साखर. "अध्यक्ष, माझंच चुकलं. केवढी शक्ती आहे गुरुजींची! आपण त्यांना सगळ्या यंत्रांची कायमची देखभाल द्यायला हवी. छपाईयंत्र सुरू झालं की सगळ्यांसमोर करारावर सही करून टाका ना!"

अध्यक्ष विरघळले. निरोप गेला. जड यंत्राची जड स्मृती तीन आठवड्यांवरून तीन दिवसांवर आली. करारात असं बळ असतं.

गुरुवारी सकाळी खोलीत उभं राहायला जागा नव्हती. वेटोळं सात वेळा फिरलं. वकीलबाई शहाण्या मुलीसारखी बाजूच्या खुर्चीत, हेडफोन कानावर, वायर बोटाला गुंडाळलेली.

"डोळे मिटा! मी म्हणेन ते माझ्यामागून म्हणा. मन एकाग्र करा, जे कानावर पडेल ते म्हणा! ये ओळखीत, ये!"

"ये ओळखीत, ये!"

दोन-तीन वेळा झालं. मग वकीलबाईनं बोट हलकेच मागे ओढलं. हेडफोनची पिन निघाली, आणि कॉम्प्युटरचा आवाज टेबलावरच्या स्पीकरमधून सगळ्या खोलीत घुमला.

"वाचनालय ब्रेल सीडी, प्रत, फोल्डर."

"वाचनालय ब्रेल सीडी, प्रत, फोल्डर!" चाळीस माणसं डोळे मिटून भक्तिभावानं म्हणाली.

"सेटअप. पुढे, बटण."

"सेटअप! पुढे, बटण!"

"मला सर्व अटी मान्य आहेत, खूण केली."

"मला सर्व अटी मान्य–" इथं मात्र जमाव अडखळला. अध्यक्षांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. यंत्रगुरू कीबोर्डवर वाकून ओणवे झाले होते आणि आवाज बंद करायची कळ शोधत होते.

"आवाज साठ," स्पीकर म्हणाला. "आवाज ऐंशी. आवाज शंभर. एस्केप. एस्केप. एस्केप."

एव्हाना सगळ्यांचे डोळे उघडले होते. डब्याच्या मागच्या बाजूला इवलासा पेन ड्राइव्ह लुकलुकत होता. यंत्रगुरूंनी तिकडे हात घातला, पण तिथं आधीच एक तळवा होता.

"काढू नका, गुरुजी," वकीलबाई म्हणाली. "नव्वद टक्के झालंय."

तेवढ्यात स्पीकर बोलला. "पूर्ण करा, बटण."

तिनं दुसऱ्या हातानं चाचपून एंटर दाबलं. मग आपली फाइल उघडली, छापायची आज्ञा दिली, आणि कोपऱ्यातलं छपाईयंत्र पत्र्यावर गारा पडाव्यात तसं खडखडू लागलं.

"'प्रत' म्हणाला तो," ग्रंथपालबाईंच्या आवाजाला धार आली. "आमच्या सीडीची प्रत. मग वाहत्या पाण्यात काय सोडलंत हो?"

यंत्रगुरूंनी पिशवीत हात घातला आणि काळं फडकं टेबलावर ठेवलं. राख चांगली चकचकीत होती.

"पण काम झालं की नाही?" ते पुटपुटले.

"झालं ना!" वकीलबाई म्हणाली. "पहिल्याच दिवशी झालं असतं. 'सीडी द्या, दहा मिनिटांत होईल' एवढं म्हणाला असतात, तर चहा पाजला असता आम्ही. तुम्ही आमचंच औषध विष म्हणून उचलून नेलंत आणि मग थेंबथेंब पाजायला बसलात."

"मला मात्र," अध्यक्ष चाचरत म्हणाले, "ते वेटोळं फिरताना डब्यातून ऊब जाणवली होती. देवाशपथ!"

"तो पंखा, अध्यक्ष," मी म्हणालो. "गरम हवा बाहेर टाकतो."

चमत्कार एवढाच होता, आणि तो समजायला गुरू लागत नाही. प्रत्येक यंत्राशी कसं बोलायचं, हे कॉम्प्युटरला एक छोटा प्रोग्राम शिकवतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. सगळं पुसून नवी प्रणाली टाकली, की कधी कधी हे ड्रायव्हरही जातात आणि ओळखीचं यंत्र अनोळखी होतं. ते परत टाकले, की ओळख पटते. पिवळा त्रिकोण हा शाप नसतो. कॉम्प्युटर आपल्याला साध्या शब्दांत सांगत असतो की मला ह्याची माहिती द्या. जन्म नाही, राख नाही, वेटोळं तर अजिबात नाही.

"म्हणजे," ग्रंथपालबाई मटकन बसल्या, "तो बोलणारा प्रोग्राम मी टाकला, तेव्हाही मी हेच केलं? 'पुढे, पुढे' दाबत गेले होते नुसती!"

"बाई, तुम्ही तर सिद्धपुरुष निघालात," मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. वाचनालय पूर्वपदावर आलं.

यंत्रगुरू गेले. करार अध्यक्षांच्या खिशातच राहिला आणि तांब्याचं वेटोळं टेबलावर विसरलं गेलं. त्यात बाई आता पेनं खोचतात. सीडीच्या तीन प्रती काढल्या आहेत. कपाटात यंत्रांच्या नंबरांची यादी आहे, साधी आणि ब्रेलमध्येही, म्हणजे पुढच्या वेळी कॉम्प्युटर पुसण्याआधी काय जपून ठेवायचं ते कुणालाही वाचता येईल.

तुमच्याकडेही कुणी येईल. त्याच्या हातात वेटोळं नसेल, दुसरं काही असेल. तो काय देतो ते बघण्याआधी काय उचलून नेतो ते बघा. आणि त्यानं डोळे मिटायला सांगितले, की का, ते विचारा. खऱ्या कामाला बघणाऱ्याची भीती नसते. तरीही भिडेखातर मिटलेच, तर निदान कान उघडे ठेवा. ते मिटायची सोय नाही, हा आपल्यावर उपकारच आहे.

त्या दिवशी छपाईयंत्रातून पहिलं पान आलं तेव्हा सगळे वकीलबाईभोवती गोळा झाले होते. तिनं ते मांडीवर घेतलं आणि बोटं ओळींवरून फिरू लागली. अध्यक्षांना आता काहीतरी गंभीर ऐकायला मिळेल असं वाटलं असावं. ते सावरून उभे राहिले.

"काका," ती म्हणाली, "हा खंड तुम्ही तपासला होता?"

"हो. का गं?"

"दुसऱ्या ओळीत एक शब्द गाळलात. बसा इथं. सहा दिवस आहेत, आणि आता प्रत्येक पान मी तुमच्याकडून उघड्या डोळ्यांनी तपासून घेणार आहे."