मोजणीची हाक

फाकीबाबांचा मुलगा हमद लवंगेच्या झाडावरून पडल्याची बातमी मिझेला चुलीपाशी कळली. पातेल्यात नारळाच्या दुधातला कसावा रटरटत होता. पाच महिन्यांची रुकिया कांग्याच्या कापडात गुंडाळून पाठीला बांधलेली होती. सासू, बी सुबिरा, दारातूनच सांगत आली.

"कंबरेतून गेलाय म्हणे. पायाला चिमटा काढला तरी कळत नाही पोराला. खाटेवर घालून नेला दवाखान्यात."

मिझेच्या हातातला डाव थांबला.

"बोलावणंच आलं होतं गं त्याला. काल दिवस मावळताना बागेत घुबड ओरडलं. एरवी ते मेलं मनाला येईल तसं हू हू करतं. काल मात्र एकेक हाक मापून टाकल्यासारखी. बारा हाका, की गप्प. हमद तेव्हा झाडावरच होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही त्याचा. सकाळी चढला तेव्हा हात कापत होते म्हणतात."

बारा. मिझेने कधी मोजल्या नव्हत्या, पण बाराच असणार.

"आता त्या पोकळ झाडाच्या ढोलीत धूर करतायत, मग झाड आडवं," सासू म्हणाली. "चल, तूही ये. जंगलखात्याचं माणूस म्हणवतेस ना?"

वाटेने सासू बोलत राहिली. मिझेच्या कानात काही शिरत नव्हतं. हे तांबूस, ओंजळीत मावेल एवढं घुबड या बेटाबाहेर जगात कुठेच नाही, आणि या महिन्यात त्याची मोजणी चालू होती. रानात ठरलेल्या जागी उभं राहायचं, फोनमधून घुबडाची हाक वाजवायची, उत्तर आलं तर लिहायचं. शिकवताना दोनच गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. वस्तीजवळ वाजवायची नाही. घरट्याजवळ तर नाहीच नाही.

काल ती रानात निघाली होती. पण रुकिया खोकत होती, आणि आत झाडांखाली सूर्य बुडायच्या आधीच काळोख. पायाखाली काय असेल, खोकला छातीत उतरला तर, घरी पोचायला उशीर झाला तर... अर्ध्या वाटेवरून ती परतली. फाकीबाबांच्या बागेमागे उभी राहिली आणि बटण दाबलं. ढोलीतून लगेच उत्तर आलं. तिला केवढा आनंद झाला होता! आत दोन पिल्लं होती, आठवड्यापूर्वी तिनेच पाहिलेली.

झाडाखाली पंधरा-वीस माणसं जमली होती. ओल्या झावळ्यांचा ढीग रचून झाला होता. लवंगा तोडणारा शामे तिला पाहून हसला.

"या, या! घुबडांची मावशी आली. काय गं, पगार सरकार देतं की घुबडं?"

"उंदरांत देत असतील," कुणीतरी म्हणालं. हसू फुटलं आणि लगेच विझलं. फाकीबाबा हसले नव्हते. ते कोयता हातात धरून ढोलीकडे बघत होते.

"बाबा, आत पिल्लं आहेत," मिझे म्हणाली.

"माझंही पिल्लूच होतं."

शामेने काडी ओढली. झावळ्यांतून पांढरा धूर निघाला आणि खोडाला चाटत वर चढू लागला. ढोलीत फडफड झाली.

गप्प राहणं सोपं होतं. पलीकडच्या वाडीतल्या एका बाईवर घुबड बोलावल्याचा आळ आला होता. तिच्या विहिरीचं पाणी अजून कुणी भरत नाही. मिझेने हात मागे नेऊन रुकियाचा पाय चाचपला. गरम होता. पोर शांत झोपली होती.

ढोलीतून बारीक चिरका आवाज आला. मग दुसरा.

"विझवा!" मिझे ओरडली. "हाक पाखराची नव्हती. माझी होती."

"काय बरळतेस?" सासूने तिचा दंड धरला.

मिझेने फोन काढला. बटण दाबलं. भर उन्हात, तिच्या तळहातातून, घुबड ओरडलं. हू. हू. हू. एकसारखी, मापून टाकल्यासारखी. बायकांनी कानांवर हात दाबले. शामे दोन पावलं मागे सरला. बारा झाल्या, आणि गप्प.

"मोजणीसाठी वाजवतो आम्ही. काल इथे वाजवली. चूक झाली, बाबा. मी घाबरले होते, म्हणून रानात गेले नाही."

फाकीबाबांनी पायाने झावळ्या विस्कटल्या, वर माती लोटली. धूर बसला. मग ते तिच्याकडे वळले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"म्हणजे माझ्या हमदला पाखरानं नाही बोलावलं."

"बाबा, ती नुसती..."

"तू बोलावलंस."

सगळ्यांची नजर तिच्यावरून सरकून तिच्या पाठीवर गेली, रुकियावर. जवळ उभ्या बाईने आपलं मूल पदराआड ओढलं.

"आई, सांगा ना यांना," मिझे म्हणाली.

बी सुबिराने तिच्याकडे पाहिलं नाही. तिने मिझेच्या छातीवरची कांग्याची गाठ सोडली, झोपलेली रुकिया उचलली आणि आपल्या पाठीला घट्ट बांधली.

"पोर माझ्या मुलाची आहे," ती लोकांना म्हणाली, मिझेला नाही. "ही माझ्याजवळ राहील. हिच्या आईचं काय करायचं ते तुम्ही ठरवा."

ती चालू लागली. वाटेत रुकिया जागी झाली आणि रडायला लागली. मिझेच्या अंगात दूध दाटलं. ती पुढे झाली, पण माणसांनी वाट सोडली नाही.