न पुसलेला फळा

थांबा मित्रांनो, जरा इकडे बघा. चारोटीहून तलासरीकडे जाताना महामार्ग सोडून आत वळलात, की जीप जिथे शेवटची थांबते तिथेच आमचं वाचनालय आहे. त्याच्या पडवीत, पत्र्याखाली टांगलेला काळा लाकडी फळा म्हणजे मी. मला शाळेतला फळा समजू नका हं. शाळेतला फळा मे महिन्यात खुशाल झोपा काढतो. मी वार्ताफलक! मला ना रविवार, ना दिवाळी. वय झालं, एक कोपरा वाळवीने खाल्ला, पण तोंड अजून शाबूत आहे, आणि आज मी ते उघडणार आहे.

माझा जन्म डहाणूजवळच्या, समुद्रकाठच्या वरोरचा. तिथला एक सुतार होड्या दुरुस्त करायचा. एका होडीसाठी आणलेल्या सागाच्या फळ्या उरल्या, त्यांचा त्याने मला केला. पहिली काही वर्षं माझ्या अंगाला मासळीचा वास यायचा आणि मांजरं माझ्याखाली येऊन बसायची. काय ती अब्रू! मला विकत घेतलं ते धाकल्या गुरुजींनी. धाकल्या हे त्यांचं नाव. पाड्यांवरून मॅट्रिक झालेले ते पहिले. हे वाचनालय त्यांनीच सुरू केलं आणि मरेपर्यंत तेच अध्यक्ष होते. जीपच्या टपावर बांधून त्यांनी मला आणलं. मग कोळशाची पूड आणि भोपळ्याचा पाला घेऊन पोरांनी मला घासघासून काळंभोर केलं. दर वर्षी झेंडावंदनाच्या आधी माझी अशी अंघोळ व्हायची. मला फार आवडायची ती.

गुरुजी रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचत आणि त्यातलं आपल्या लोकांच्या कामाचं तेवढं माझ्यावर लिहीत. रेशन कधी येणार, डोळे तपासायचं शिबीर कुठे, पोलीस भरतीचे अर्ज कधीपर्यंत. मध्यंतरी आमच्याकडे जमीन हादरायला लागली, घरातली भांडी वाजायला लागली, तेव्हा तर लोक सकाळी तोंड न धुता आधी माझ्यासमोर येऊन उभे राहत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाचे, बाकीचे ऐकत. एखाद्याने काही ऐकीव सांगितलं, की दुसरा लगेच विचारायचा, "फळ्यावर आलंय का?" नसेल आलं तर ती अफवा. असा माझा मान होता मित्रांनो! फुशारकी नाही मारत, होताच.

पण माझं सगळ्यात मोठं काम पावसाळ्यात असे. वाचनालयापासून उतार उतरला की नदी लागते. तिच्यावर पूल नाही, नुसती बुटकी फरशी आहे, सिमेंटची. पलीकडे पाडे. नदी फुगली की पाणी फरशीवरून जातं, आणि कधीकधी वरून काहीच दिसत नाही पण खालचे दगड निघून गेलेले असतात. म्हणून गुरुजींनी एक पद्धत घालून दिली. फरशी धोक्याची असेल त्या दिवशी माझ्या उजव्या कोपऱ्यात लाल खडूने लिहायचं, फरशी बंद. नसेल तर काही लिहायचं नाही. लाल दिसलं की पाडेकरी मागे फिरत आणि लांबच्या वाटेने, डोंगराला वळसा घालून घरी जात. लाल नसलं की सरळ उतारावर. पाड्यांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही हे पाठ होतं.

आता सुदामचं सांगतो. सुदाम पलीकडच्या पाड्यावरचा, डहाणूकडच्या चिकूच्या वाडीत मजुरीला जायचा. संध्याकाळी जीपमधून उतरायचा आणि माझ्यासमोर उभा राहून हाक मारायचा, "बाय, आज काय बोलतो तुमचा फळा?" बाय म्हणजे चंद्रिका, आमची ग्रंथपाल. ती वाचून दाखवायची. गुरुजींनी एकदा तिला अडवलं.

"तू नको वाचू. सुदाम, आधी एक अक्षर तू ओळख, मग पुढचं ती वाचेल."

"मी या वयात अक्षरं ओळखू? हसतील ना लोकं, गुरुजी!"

"हसू देत. त्यांना तरी कुठे धड येतंय!"

लोक हसले, सुदामही हसला, पण दुसऱ्या दिवशी त्याने एक अक्षर ओळखलं. मग रोज एक. कपाळाला आठ्या घालून, बोट हवेत फिरवत तो माझ्यावरून अक्षरं वेचायचा. वर्ष सरता सरता गडी स्वतः वाचायला लागला, अडखळत का होईना. घरी जाऊन बायकोला, म्हणजे बारकीला, सगळ्या बातम्या सांगायचा आणि वर म्हणायचा, "मी स्वतः वाचलंय." मित्रांनो, माझ्यावरचं हजारोंनी वाचलं असेल, पण माझ्यावरून वाचायला शिकलेला माणूस एकच. त्याचं मला भारी कौतुक होतं. आहे.

पुढे मोबाईल आले. शहाणी पोरं मला विचारीनाशी झाली. "ग्रुपवर आलंय" म्हणायला लागली. माझ्याकडे पाठ करून, माझ्याच खाली बसून ती अंगठे फिरवत राहायची. पण पलीकडच्या पाड्यावर ना रेंज, ना सुदामसारख्यांकडे तसले फोन. तेवढ्या लोकांसाठी चंद्रिका मला जपत होती. रोज ओल्या फडक्याने पुसायची, खडू स्वतःच्या पर्समध्ये ठेवायची.

आणि या श्रावणात गुरुजी गेले.

झोपेतच गेले. गाव लोटलं. चंद्रिकेने रडत रडत मला स्वच्छ पुसलं आणि मधोमध लिहिलं, आमचे अध्यक्ष धाकल्या गुरुजी यांना भावपूर्ण श्रद्धांजली. कडेने वेल काढली. कोणीतरी झेंडूचा मोठा हार आणून माझ्यावर चढवला. तो दोन्ही बाजूंनी खाली लोंबत होता. मलाही रडू येत होतं हो, पण फळ्याला कुठलं रडू! आमच्याकडे मोठ्या माणसाचं नाव फळ्यावर लागलं की त्याचे दिवस होईपर्यंत ते पुसत नाहीत. पुसणं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणं, असं लोक मानतात.

गुरुजींच्या जागी रविंद्र अध्यक्ष झाला. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? पण तो घाबरलेला होता. निम्म्या गावाला गुरुजींचा पुतण्या धनेश अध्यक्ष हवा होता. रविंद्र काय करतो, कुठे चुकतो, याच्यावर शंभर डोळे होते.

तशातच पाऊस धरून बसला. एका दुपारी पंचायतीचा शिपाई लक्ष्या भिजत आला आणि म्हणाला, "बाई, फरशीच्या खालची भर वाहून गेली. वरून धडधाकट दिसते, पण पाय ठेवला की जाणार. मी काटेरी फांद्या आडव्या टाकून आलोय, पण टिकतील कसल्या!"

चंद्रिकेने लगेच लाल खडू काढला. पण लिहिणार कुठे? मधे गुरुजी, कडेला वेल, कोपऱ्यावर हार. तिने रविंद्रला फोन करून बोलावून घेतलं.

"भाऊ, फळा पुसावा लागेल."

"वेडी झालीस काय? गुरुजींचं नाव पुसायचं? अजून दिवस झाले नाहीत त्यांचे!"

"मग निदान हार काढू द्या. कोपऱ्यात लिहिते."

"आणि धनेशची माणसं फोटो काढून गावभर फिरवतील, नव्या अध्यक्षाने पहिल्याच आठवड्यात गुरुजींचा हार उतरवला म्हणून. नको, चंद्रिका. मी ग्रुपवर टाकतो ना."

"पलीकडे कोणाकडे आहे तुमचा ग्रुप? गुरुजीच सांगायचे, फळ्यावर बातमी शिळी ठेवायची नाही. ते असते तर त्यांनीच स्वतःला पुसलं असतं!"

रविंद्रने हाराकडे पाहिलं. मला वाटलं, आता हो म्हणतो. पण त्याने नकारार्थी मान हलवली. "कागदावर लिहून खांबाला लाव. तेही दिसतं."

तिने पुठ्ठ्यावर कागद चिकटवला, लाल पेनाने मोठं लिहिलं आणि खांबाला बांधलं. शिवाय दुपारभर पायरीवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडाने सांगत राहिली. बरेच जण मागे फिरले. मी निर्धास्त झालो होतो.

संध्याकाळी आत शोकसभा होती. तिच्यासाठी रविंद्रच्या माणसांनी, म्हणजे मिथुनने, फ्लेक्स करून आणला होता. गुरुजींचा हसरा फोटो आणि खाली शोकाकुल म्हणून नव्या समितीचे सगळे चेहरे. मिथुनने तो या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून बांधला. बांधताना पुठ्ठा फ्लेक्सच्या मागे झाकला गेला. त्याने मुद्दाम नाही केलं. त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी पाहिलं, पण मला कोण विचारतो?

चंद्रिकेला आतून बोलावणं आलं. शोकठराव तिलाच वाचायचा होता. "आलेच," म्हणत ती आत गेली. ठराव वाचून झाला. रविंद्र म्हणाला, "आता सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं." सगळे उभे राहिले. आणि तेवढ्यात जीप आली.

सुदाम एकटाच उतरला. डोक्यावर युरियाची गोणी पांघरलेली, पायात चिखल. तो माझ्यासमोर आला. नेहमीची हाक मारायला त्याने तोंड उघडलं, पण आत सगळे माना खाली घालून उभे दिसले. त्यानेही डोक्यावरची गोणी काढली. मग तो माझ्यावरचं वाचायला लागला. आमचे. अध्यक्ष. धाकल्या. गुरुजी. वाचून त्याने मला हात जोडले. मग नजर उजव्या कोपऱ्याकडे नेली. तिथे झेंडू होता. लाल काही नव्हतं. अहो, मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, जाऊ नको! पण माझं ओरडणं म्हणजे माझ्यावर जे लिहिलंय ते. तेवढंच. आणि माझ्यावर काय लिहिलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

खिडकीपाशी चंद्रिका उभी होती. तिने त्याला पाहिलं. तिचे ओठ हलले, पण त्या शांततेत आवाज फुटेना. गुरुजींसाठी उभे होते ना सगळे! तिला वाटलं, दोन मिनिटं संपू देत, मग हाक मारू. पावसात थांबेलच तो पडवीत.

तो थांबला नाही. घरी बारकी वाट बघत होती. तो उतारावर दिसेनासा झाला. दोन मिनिटं संपल्याबरोबर चंद्रिका अनवाणी धावली. खालून तिच्या हाका मला ऐकू येत होत्या. सुदामदादा, सुदामदादा. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लक्ष्याला तो खूप खाली, बांबूच्या बेटात अडकलेला सापडला.

मग मात्र रविंद्रला मला पुसायची हिंमत झाली. स्वतःच्या हाताने पुसलं त्याने. डोळे सुजले होते त्याचे. त्याने चंद्रिकेला लिहायला लावलं, आमचे वाचक सुदाम यांना भावपूर्ण श्रद्धांजली. नवा हार आणला. तसाच मोठा.

सुदामला माती दिल्यानंतर त्याची बायको बारकी इथे पडवीत आली. डोंगराच्या वाटेने, लांबून, चालत. तिला पाहून सगळे उठून उभे राहिले. चंद्रिका तिच्यासमोर जाऊन म्हणाली, "बारकी, मी बघितलं होतं गं त्याला. खिडकीतून बघितलं होतं."

"मग हाक का नाय मारली?"

"सगळे गप्प उभे होते. गुरुजींसाठी."

 बारकीने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं चंद्रिकेला. पण तिने फक्त माझ्याकडे बोट केलं. "काय लिवलंय त्याच्यावर?"

चंद्रिकेने वाचून दाखवलं. रविंद्र पुढे झाला. "बारकीताई, सुदामचे दिवस होईपर्यंत ठेवणार आहोत हे. मान असतो तो."

"फरशी बांधली का?"

"नाही अजून. पाणी ओसरलं की बांधतील."

"मग पलीकडून पोरी शाळेला येतात, त्या कुठून जातील?"

 बारकी माझ्याजवळ आली. तिने हार ओढून खाली टाकला. डोक्यावरचा ओला पदर हातात घेतला आणि नवऱ्याचं नाव पुसायला लागली. रविंद्रने हात पुढे केला, पण त्याचा हात तिथेच राहिला. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे नाव कुठे सुरू होतं नि कुठे संपतं ते तिला कळत नव्हतं. म्हणून तिने सगळाच फळा पुसला, कडेपर्यंत, दोन्ही हातांनी, हुंदके देत.

"मेलेल्याला मान नको," ती म्हणाली. "जित्यांना सांगा. लिव, बाय. लाल लिव."

चंद्रिकेने पर्समधून लाल खडू काढला. तिने लिहिलं. मग बारकी आली तशीच लांबच्या वाटेने, अंधार पडायच्या आत घरी निघाली. बरोबर जायला चंद्रिका पायरी उतरली, तर बारकीने मागे वळूनही न बघता नको म्हणून हात हलवला.

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझ्यावर जे लिहाल तेच मी बोलतो, आणि जे लिहायचं राहिलं ते मला कधीच बोलता येत नाही. तुमच्या गावात, तुमच्या शाळेत, कुठेतरी माझा एखादा भाऊबंद टांगलेला असेल. त्याला जपायचं असेल तर त्याला हार घालू नका. त्याच्यावर तुमच्या अगदी जिवाभावाच्या माणसाचं नाव असलं तरी डोळे पुसा, फळा पुसा, आणि आज कोणाला काय कळायला हवं ते आजच लिहा.