काळी फळी आणि अकरा-चार

मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझ्या पोटात पंधरा माणके आहेत, केसाहून बारीक एक स्प्रिंग आहे आणि डोक्यावर एक कळ आहे. सेकंदाला मी बरोबर दहा टिचक्या देतो. नऊ नाही, अकरा नाही. मित्रांनो, याचा मला एके काळी फार गर्व होता.

कारखान्यात डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या एका बाईने श्वास रोखून माझी स्प्रिंग बसवली. मला तपासून झाल्यावर ती शेजारणीला म्हणाली, "हे काही खोटं बोलायचं नाही बघ." तिचे बरोबर होते. खोटे बोलायला अंगठा लागतो, तो मला नाही.

मी विज्ञानाच्या एका मास्तरांकडे आलो. शाळा सुटली की मास्तर मैदानावर येऊन मुलांना धावायला शिकवत, आणि स्पर्धा असली की शेवटच्या रेषेपाशी पायऱ्यांवर बसून वेळ घेत. शेजारी घड्याळे घेऊन बसलेल्या दोघांना त्यांचे एकच सांगणे असे, "धूर बघा, आवाज ऐकू नका. आवाज रमतगमत येतो."

ते खरेच आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत पिस्तूल पलीकडच्या टोकाला सुटते. त्याचा धूर त्याच क्षणी दिसतो, पण आवाजाला इथवर यायला सेकंदाचे जवळजवळ तीन दशांश लागतात. आवाजावर कळ दाबली, तर धावणाऱ्याला तेवढा वेळ फुकट मिळतो. म्हणून धूर उठून दिसावा यासाठी पिस्तुलाच्या मागे एक काळी फळी उभी करतात.

त्या मैदानावर एका शिंप्याची मुलगी धावत असे. सगळे तिला वावटळ म्हणत. शर्यत संपली की ती धापा टाकत मास्तरांकडे यायची.

"मास्तर, किती?"

"बारा सेकंद. तुझ्या बापाच्या कात्रीला धार आहे, तुझ्या पायांना कधी येणार?"

तीन वर्षे मी तिची प्रत्येक धाव मोजली. बारावरून ती अकरा-आठवर आली आणि मग अकरा-सातवर. त्याच्या पुढे मात्र दशांशभरही सरकेना.

मग राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम दिवस उजाडला. आकाश पांढुरके होते, पिस्तुलामागची भिंत नुकती चुन्याने रंगवलेली होती आणि काळी फळी जागेवर नव्हती. ती फाटकापाशी होती. तिच्यावर खडूने लिहिले होते, 'मान्यवरांचे हार्दिक स्वागत.'

मास्तर तावातावाने संयोजकांकडे गेले. संयोजक हसले. "मास्तर, पाहुणे खोळंबलेत! एक दिवस फळीवाचून काय अडतंय?"

पिस्तूल सुटले. पांढऱ्यावर पांढरा धूर कोणाला दिसणार? तिघांनीही आवाजावर कळ दाबली. माझा काटा अकरा-चारवर थांबला, आणि शेजारच्या दोघांचाही. तीन घड्याळे एकमताने बोलली की ती खरेच बोलली, असे माणसांना वाटते. मागून आलेल्या मुलीही त्या दिवशी भलत्याच वेगवान ठरल्या. पण तिसऱ्या-चौथ्या नंबराकडे बघतो कोण? अकरा-सातचा जुना राष्ट्रीय विक्रम मोडला होता.

संध्याकाळी मास्तरांनी वावटळीला बाजूला घेतले.

"पोरी, मी आवाजावर दाबलं. तुझी खरी वेळ अकरा-सात."

तिने गळ्यातले पदक मुठीत धरले. मग म्हणाली, "पहिली तर मीच आले ना?"

"पहिली तूच."

"मग राहू द्या की, मास्तर."

मास्तरांनी राहू दिले. मला मात्र तिच्या हातात ठेवून ते म्हणाले, "हे तू घे. मला याच्याकडे बघवत नाही." माझ्या पाठीवर कोणीतरी कौतुकाने ११.४ कोरून आणले. पुढे मास्तर वारले, शेजारचे ते दोघेही गेले, आणि हे गुपित दोघांतच उरले: ती आणि मी.

मांडीचा स्नायू फाटल्यावर तिचे धावणे संपले. विक्रमाच्या जोरावर ती प्रशिक्षक झाली आणि वावटळीची 'बाई' झाली. बाई शिस्तीच्या म्हणून नावाजल्या. वेळ घ्यायच्या आधी त्या काळी फळी स्वतः खांद्यावरून नेऊन उभी करत. "धूर बघा, आवाज ऐकू नका," म्हणून सहायकांवर ओरडत. लोक म्हणत, बाईंच्या मैदानावर दशांशाचीही लबाडी चालत नाही. मी मुठीत असे. मला हसताही येत नाही.

त्यांच्याकडे एक काटकुळी मुलगी आली. तिला सगळ्या टाचणी म्हणत. तिच्या वडिलांनी बजावले होते, या वर्षी संघात नाव आले तर धाव, नाहीतर काकाच्या दुकानात बस. संघात यायला विक्रमाच्या दोन दशांशांच्या आत यावे लागे, म्हणजे अकरा-सहा.

निवडीच्या दिवशी फळी जागेवर होती आणि धूर स्वच्छ दिसला. टाचणी अशी धावली की बाई बसल्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या. मी थांबलो तो अकरा-सातवर.

मित्रांनो, हिशोब सोपा आहे. बाई स्वतः जितक्या धावल्या, बरोबर तितकीच ती धावली होती. बाईंनी खरे सांगितले असते, तर मर्यादा अकरा-नऊ झाली असती आणि टाचणी आरामात संघात आली असती.

निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले, "एका दशांशानं गेली हो! बाई, विक्रम तुमचा. तुम्हाला काही म्हणायचंय?"

बाईंनी मला घट्ट आवळले. तोंड उघडले. मग म्हणाल्या, "नियम तो नियम."

सामानाच्या खोलीत टाचणी बुटांचे खिळे काढत बसली होती. बाई आत आल्या तशी ती उठून उभी राहिली.

"बाई, एक विचारू? तुम्ही अकरा-चार कशा धावलात हो? मी जीव तोडून धावले आज. आणखी कुठून आणायचे तीन दशांश?"

बाई कोपऱ्यात आणून ठेवलेल्या काळ्या फळीकडे बघत होत्या. "जिद्द लागते," त्या म्हणाल्या.

मुलीने मान हलवली. तिला ते पटले, हेच मला सोसले नाही.

बाईंनी मला पुढे केले. "हे ठेव तुझ्याकडे. आठवण."

तिने मला उलटे केले, पाठीवरचा आकडा वाचला आणि परत दिले. "नको, बाई. मला याच्याकडे बघवत नाही."

तेव्हापासून मी कपाटाच्या खणात आहे. मला कोणी किल्ली देत नाही. माझी माणके शाबूत आहेत; किल्ली दिलीत तर आजही सेकंदाला दहाच टिचक्या देईन. टाचणी काकाच्या दुकानात कापड मोजते. मैदानाच्या भिंतीवर अकरा-चारचा विक्रम तसाच लिहिलेला आहे, आणि दरवर्षी कोणी ना कोणी नवी मुलगी स्वतःला कमी समजून घरी जाते.

मित्रांनो, घड्याळाची काळजी नुसत्या तेलाने आणि किल्लीने होत नाही. शर्यतीची फळी पाहुण्यांसाठी हलवू नका. आणि कधी हलवलीच, तर निदान नंतर तरी खरी वेळ सांगा. उशीर झाला म्हणून गप्प बसू नका. आवाज उशिरा येतो, पण येतो.

बाईंचा अजून आलेला नाही. मी मोजणे कधीच सोडून दिले.