आशीर्वादापुरती जागा

तोकोबाय अता, म्हणजे तोकोबाय आजोबा, घसा खाकरून उभे राहिले आणि नेमका त्याच वेळी एर्मेकच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

लाल दिवा लुकलुकला म्हणजे कार्ड भरलं. यापुढे कॅमेऱ्याला दिसेल सगळं, पण त्याच्या लक्षात काहीही राहणार नाही. त्या मांडवातल्या बऱ्याच पाहुण्यांची तोवर तीच अवस्था झाली होती, पण त्यांना व्हिडिओ करून द्यायचा नव्हता. एर्मेकला द्यायचा होता.

आता शहाणा माणूस म्हणेल, मग कॅमेरा खाली ठेवायचा. पण नवरीकडचा सगळ्यात थोरला माणूस हातात पेला घेऊन बोलायला उभा राहतो आणि आपण त्याच्यासमोर कॅमेरा खाली करायचा? त्यापेक्षा उठून सरळ त्यांची टोपी उडवलेली बरी. कोचकोरमध्ये असलं कोणी करत नाही. म्हणून एर्मेकनं लाल दिव्यावर अंगठा दाबला, कॅमेरा डोळ्याला तसाच धरला आणि मधूनमधून भिंग पुढे-मागे करत, काहीही न टिपण्याचं काम अतिशय मन लावून केलं.

दुसरं कार्ड होतं. ते त्यानं जॅकेटच्या आतल्या खिशात जपून ठेवलं होतं, आणि घरात थोरल्या भावाचं लग्न आहे म्हणून त्याच्या आईनं, बात्मा अपानं, ते जॅकेट धुवून काढलं होतं. कार्ड लख्ख निघालं. आतूनसुद्धा. त्यानंतर ते चाललंच नाही.

तोकोबाय अता बोलत राहिले. वसंतावर बोलले, कुरणांवर बोलले, एका तपकिरी घोडीवर बोलताना त्यांचे डोळे भरून आले. नवरानवरीकडे ते जवळजवळ वळलेच होते, इतक्यात त्यांची नजर एर्मेकवर गेली.

"आणि हा पोरगा बघा!" ते म्हणाले. "सकाळपासून बूड टेकलेलं नाही यानं. माझं बोलणं इतकं एकटक कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही. असल्या पोराला मी माझी बुरुलसुद्धा डोळे मिटून देईन! ओमिन!"

"ओमिन!" म्हणत सगळ्यांनी तळहात चेहऱ्यावरून फिरवले आणि पुन्हा ताटातल्या मटणाच्या हाडांकडे वळले.

बुरुल म्हणजे अतांची नात, नवरीची चुलत बहीण, अत-बाशीच्या दवाखान्यात नर्स. तिच्याविषयी एर्मेकचं काय मत होतं ते पुढे टीव्हीवर येईलच.

रात्रभर एर्मेकला झोप लागली नाही. सकाळी व्याह्यांकडची मंडळी चहाला बसली तसा तो आईला पुढे घालून अतांसमोर जाऊन उभा राहिला.

"अता," बात्मा अपा म्हणाली, "काल तुम्ही आमच्या पोराला जो शब्द दिलात ना..."

"कुठला शब्द?"

"बुरुलचा."

अतांनी बोरसोकचा तळलेला तुकडा चहात बुडवला, बाहेर काढला, त्याकडे नीट पाहिलं. गावातल्या म्हाताऱ्यांच्या न्यायसभेत त्यांनी उभी हयात घालवली होती. हरवलेली मेंढरं, सरकलेली कुंपणं, सासवांची भांडणं, सगळं त्यांच्यासमोर येऊन गेलं होतं. त्यातून ते एकच गोष्ट शिकले होते : माणूस तोंडानं जे बोलतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि बोलणारा आपण स्वतः असलो तर मुळीच नाही.

"मला आठवत नाही," ते एर्मेकच्या कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले. "पण काल मी बऱ्याच गोष्टी बोललो म्हणे. तुझ्या डब्यात आहे का ते?"

"नाही, अता. कार्ड भरलं होतं."

"डब्यात नाही?"

"नाही."

"मग मी बोललो नाही."

साक्षीदार काढले. मांडवात शंभर माणसं बसली होती, पण अता बोलत होते तेव्हा वाढप चालू होतं आणि ज्याच्या त्याच्या तोंडात ज्याचं त्याचं हाड होतं. एक मामा म्हणाले, अतांनी या पोराला घोडी दिली, तपकिरी, आणि म्हणून रडले. दुसरे म्हणाले, छे, बुरुललाच कॅमेरा दिला. ज्यानं समारंभ चालवला तो सूत्रधार मात्र ठाम होता. त्याच्या मते अतांनी बुरुल दिली हे खरं, पण सूत्रधाराच्या धाकट्या मुलाला.

"बघितलंस?" अता एर्मेकला म्हणाले. "ही माणसांची आठवण. यावर मी मेंढरूसुद्धा कोणाला दिलं नसतं. तू असं कर, जागा कर. मी पुन्हा बोलतो. मला पटलं तर तेच बोलेन."

"फोनवर घेऊ का अता?"

"फोन तुम्ही उभा धरता. त्यात मी नाकापासून गुडघ्यापर्यंत येतो, दोन्ही खांदे बाहेर. खांद्यांशिवाय कसला आशीर्वाद?"

"मग लॅपटॉपमध्ये थोडं हलवतो," एर्मेक म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला आठवलं की लॅपटॉपसुद्धा भरलेला आहे. आजूबाजूच्या गावांची सगळी लग्नं त्यात होती. कोणी घेऊन जात नव्हतं आणि कोणी पुसूही देत नव्हतं. ज्यांचा काडीमोड झाला त्यांचंसुद्धा ठेवलं होतं. उद्या परत एकत्र आले तर?

शेवटी त्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि अतांना पहिल्यापासून समजावून सांगायला बसला.

"हे बघा. भिंग म्हणजे दार. दारातून उजेड आत येतो. आत नखाएवढी पट्टी असते, ती उजेडाचे आकडे करते."

"कोणते आकडे?"

"शून्य आणि एक."

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढेच."

"माझ्या घोड्याला चारपर्यंत येतात," अता म्हणाले.

"मग हे आकडे जातात प्रोसेसरकडे. तो म्हणजे मांस वाटणारा. कुठला तुकडा कोणापुढे ठेवायचा ते हा ठरवतो. भयंकर चपळ, पण स्वतः एक घास खात नाही."

"असला वाटणारा मी जन्मात बघितला नाही. बरं, पुढे?"

"त्याच्यासमोर जेवणाचा दस्तरखान पसरलेला. त्याला रॅम म्हणतात. काम चालू आहे तोवर सगळं त्यावर मांडलेलं. वीज गेली की दस्तरखान झटकला, संपलं. जे जपायचं ते पेटीत भरायचं. पेटी म्हणजे डिस्क नाहीतर हे कार्ड. आणि पेटी भरली आहे."

अतांनी कार्ड चिमटीत धरून उजेडात पाहिलं. "मी माझे सात पूर्वज, त्यांच्या बायका, आणि त्या बायकांबरोबर आलेली जनावरं रंगासकट डोक्यात ठेवली आहेत. तुझ्या पेटीत एक म्हातारा मावत नाही?"

"अता, तुमचे पूर्वज गप्प बसून आहेत. माझे पाहुणे नाचतात. नाचाला जागा जास्त लागते."

"अरे, मग दाबून भर ना!" बात्मा अपाला राहवेना. "मी नाही का गोधड्यांच्या पेटीवर बसून झाकण लावत? सरक, मी बसते."

"आई, बसायचं नसतं!" एर्मेकनं लॅपटॉप छातीशी धरला. "पण दाबता येतं. चित्र लहान केलं की जागा कमी लागते. फक्त माणूस जरा... धूसर होतो."

"कोणता माणूस?" एका मामांनी विचारलं. काल ज्यांनी ज्यांनी भाषणं केली होती ते सगळे समोरच बसले होते, आणि धूसर व्हायला कोणी तयार नव्हतं.

हा प्रश्न अतांनी सोडवला, आणि मांस वाटताना सोडवतात तसाच सोडवला. म्हातारे अख्खे ठेवायचे. मधल्या वयाचे थोडे कमी. बायकांना हात लावायची कोणाची छाती नव्हती. उरले जावई.

"जावयांचं काय, त्यांना कसंही चालतं," अता म्हणाले. दाराजवळ बसलेल्या जावयांनी माना डोलावल्या. त्यांना सवय होती.

एर्मेकनं कार्ड लॅपटॉपला लावून जावई दाबायला घेतले. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला, तळ इतका तापला की बात्मा अपानं तो उचलून घोडीच्या दुधाच्या थंडगार कुमिसच्या बादलीवर फळी टाकून ठेवला. थोड्या वेळानं टीव्हीवर सगळे जावई नाचताना दिसले. प्रत्येक जण दहाबारा चौकोनांचा झाला होता. थोरल्या जावयाला स्वतःला ओळखता येईना.

"तुम्ही ते तिसऱ्या रांगेतले विटकरी," त्याची बायको म्हणाली. "आणि खरं सांगू? बरे दिसताय."

"किती जागा झाली?" अतांनी विचारलं.

एर्मेकनं पाहिलं. "एका खोकल्यापुरती, अता. तुमचा असेल तर अर्ध्या."

अतांनी पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर न्यायसभेतले ते जुने भाव आले, ज्यांना पाहून मेंढरं चोरणारे आपणहून मेंढरं मोजायला लागत.

"थांब. भाषणं आपण सगळी बघितली. नाच बघितले. हे सगळं मिळून पेटीचा हा एवढा कोपरा. मग बाकीच्या पेटीत काय आहे?"

एर्मेक भिंग पुसायला लागला. "ते असंच... वातावरण, अता. लग्नात थोडं वातावरण घ्यावं लागतं."

"वातावरण दाखव."

टीव्हीवर बुरुल चहा ओतत होती. मग बुरुल त्याच माणसाला चहा ओतत होती, पण दुसऱ्या बाजूनं. मग बुरुल हसत होती. मग कोपर आलं आणि ते कोणाचं आहे हे कोणाला विचारावं लागलं नाही. मग चहाचा एक समोवर आला, उकळणारा, आणि वाफ बाजूला झाली तशी तिच्यामागे बुरुल. मग एक मेंढी आली. एर्मेकनं सुस्कारा सोडला. मेंढी निघून गेली आणि तिच्यामागे बुरुल.

"एक मिनिट," नवरी एलनुरा उठून टीव्हीसमोर आली. "लग्न माझं होतं ना? मी कुठे आहे?"

"आहात ना वहिनी, ह्या बघा इथे." एर्मेकनं बोट दाखवलं. डाव्या कडेनं पांढऱ्या झग्याचा एक तुकडा बाहेर जात होता.

"ती मी आहे?"

"जाताना आहात."

एलनुरानं दातओठ खाल्ले. ती पुढे काय बोलली असती ते कळलं नाही, कारण अता म्हणाले, "मागे घे. अजून मागे. इथे हिचा रुमाल लाल. पुढे घे. इथे निळा. पुढे. हिरवा." ते खोलीकडे वळले. "काल पाऊस होता?"

"नाही," सगळे म्हणाले.

"अंगावर काही सांडलं होतं?"

"नाही."

"मग एका दुपारी तीन रुमाल? आणि हिरव्यात ही मुलगी थेट भिंगात बघते आहे. हे नजर चुकवून टिपलेलं नव्हे. हे दोघांचं मिळून आहे."

त्याच क्षणी भरलेली किटली घेऊन बुरुल आत आली.

टीव्हीवर बुरुल किटली घेऊन उभी होती. दारात बुरुल किटली घेऊन उभी होती. सगळ्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. बुरुलचा चेहरा पहिल्या रुमालाच्या रंगाचा झाला, पण ती पळाली नाही. बात्मा अपानं तेवढ्यात तिच्या हातून किटली काढून घेतली, चहा नासायला नको म्हणून.

"बुरुल," अता म्हणाले, "हा पोरगा म्हणतो मी काल तुला याला देऊन टाकली. मला आठवत नाही, डब्यात नाही. पुन्हा बोलायचं तर जागा नाही. जागा करायची तर पुसण्यासारखं जे आहे ते सगळं तुझं आहे. मी तुझ्या वस्तूला हात लावणार नाही. पुसायचं ते तूच पूस."

एर्मेकनं मनातल्या मनात हिशेब केला. तिनं सगळं पुसलं तर आशीर्वादाला ऐसपैस जागा होणार, आणि मग आशीर्वादाचं कारणच उरणार नाही.

बुरुलनं हात पुसले, लॅपटॉपसमोर बसली आणि पहिलं चित्रण पुसून टाकलं.

एर्मेकनं डोळे मिटले.

दुसरंही पुसलं.

"का?" तो कसाबसा म्हणाला.

"तोंड उघडं आहे माझं. घशातलं दिसतंय." तिनं तिसरं लावलं. बराच वेळ पाहिलं. पुढे गेली. नाही पुसलं.

"हे पूस," एलनुरा तिच्या खांद्यावरून म्हणाली. "नाक बघ कसं आलंय."

"माझं नाक असंच आहे."

"म्हणून तर सांगते."

बुरुलनं ते ठेवलं, आणि पाचवं, ज्यात एलनुराचा झगा होता, ते पुसलं. मग निळ्या रुमालातलं एकूण एक पुसलं. निळ्यात ती म्हणे जाड दिसते. कोपर ठेवलं. समोवरच्या वाफेतलं तिनं तीनदा लावून पाहिलं आणि ठेवलं. हिरव्या रुमालाला हात लावला नाही.

"आता अता किती मावतील?" तिनं विचारलं.

"वसंत आणि कुरणं मावतील," एर्मेक म्हणाला. "घोडी नाही मावायची."

"मग हे घे." तिनं मेंढी पुसली.

"हिरवं पूस की, ते केवढं तरी लांबलचक आहे," एक मामा म्हणाले.

"ते नको. ते लागेल." बुरुल पडद्याकडेच पाहत होती. "लग्नाच्या व्हिडिओत सुरुवातीला घालतात ना असलं काहीतरी, आधी कसे भेटले वगैरे?"

चौकोनी झालेल्या थोरल्या जावयाला जोराची उचकी लागली.

"कोणाच्या लग्नाच्या?" एर्मेकनं विचारलं. बात्मा अपानं त्याला किटलीच्या तोटीनं ढोसलं.

अतांनी टोपी सरळ केली, पेला घेतला आणि खांदे नीट दिसतील अशा बेतानं खिडकीशी जाऊन उभे राहिले. एर्मेकनं कार्ड बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला. अता बोलायला लागले, छान खणखणीत. कुरणांपर्यंत पोचले असतील नसतील, बुरुल लॅपटॉपच्या मागून हळूच म्हणाली,

"एर्मेक, भिंग अतांकडे."