दगडावरचा शेवटचा ऑटरक्लफ

मी एक जुने आडनाव आहे. आडनावाला कुठले हातपाय आणि कुठले तोंड, असे तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, तोंड नसले तरी मला आज बोलायचे आहे, कारण मी रागावलो आहे. हा राग आजचा नाही. पिढ्यान् पिढ्या गिळत आलो, आता घशाशी आला आहे.

माझे नाव ऑटरक्लफ. उत्तर इंग्लंडात, लँकेशायरच्या डोंगराळ कडेला एक अरुंद घळ आहे. तिच्या ओढ्यात पूर्वी पाणमांजरे खेळत, म्हणून ती पाणमांजरांची घळ, म्हणजेच ऑटरक्लफ. घळीत घर एकच. त्या घरचा जॉन घरी विणलेले लोकरीचे कापड पाठीवर टाकून खाली बाजाराला उतरायचा. बाजारात जॉन नावाचे लोक पुष्कळ. "कुठला रे जॉन?" कुणी विचारी. "तो नाही का, ऑटरक्लफचा!" असा माझा जन्म झाला. मला कोणा राजाने दिले नाही, मी लढाईत जिंकलेला नाही. एका विणकराच्या गाठोड्याबरोबर मी डोंगर उतरून आलो.

एकाच घरातून निघालेले आडनाव फार लांब जात नाही. तो स्मिथ पाहा, गल्लीत खडा फेकला तरी एखाद्या स्मिथलाच लागतो. माझे तसे नव्हते. पावसाचे पाणी उतार धरून जाते तसा मी दरीदरीनेच पसरलो. सूतगिरण्या आल्या तेव्हा भोंग्याच्या मागे खालच्या गावात गेलो. थोडासा डोंगरापलीकडे यॉर्कशायरला सांडलो आणि तिथेच जिरलो. एक जण जहाजात बसून कॅनडाला गेला, पण तिथे त्याला मूलबाळ झाले नाही. बाकी सगळा मी याच दरीत.

आणि या दरीची एक तऱ्हा आहे. इथे एकेका आडनावाची माणसे एवढी, की रोजच्या बोलण्यात आडनाव कोणी वापरतच नाही. बापाचे, आजोबाचे नाव लावून हाक मारतात. 'बिलच्या टॉमचा जॅक' म्हटले की गावाला माणूस कळला. मला मात्र कपाटातल्या काळ्या कोटासारखे टांगून ठेवलेले. जन्म, लग्न, मरण आणि सैन्यभरती, एवढ्यालाच बाहेर काढायचे. झटकायचे, वापरायचे, परत टांगायचे. मी तेही सोसले. हाकेत नसलो म्हणून काय झाले, घरात तर होतो.

पण घरातल्या मुलींचे काय? त्या माझ्याच. त्यांच्या पाळण्याशी मी जागलो, त्यांच्या पहिल्या पावलाला मी हजर होतो. आणि लग्नाच्या दिवशी प्रार्थनाघराच्या पायरीवर त्या मला काढून ठेवीत, चिखलाचे लाकडी बूट काढून ठेवावेत तसे. बूट तरी परतताना पायात चढतात. मी पायरीवरच राहायचो. रडणाऱ्याही असत त्यांच्यात. पण त्यांना कोणी विचारले होते? मला कोणी विचारले होते?

एकीने मात्र मला टाकले नाही. तिचे नाव सेलिना. कापडगिरणीत माग चालवायची, बोटे चपळ, गाणे त्याहून चपळ. तिला दिवस गेले आणि बाळाच्या बापाने गाव सोडले. घरच्यांनी, म्हणजे माझ्याच माणसांनी, तिच्या तोंडावर दार लावले. "ऑटरक्लफांच्या नावाला काळिमा फासलास," म्हणाले. माझ्या नावाला! अहो, मी त्या दाराच्या आत नव्हतोच. मी त्या पोरीबरोबर बाहेर पावसात उभा होतो.

बाळाची नोंद करायला ती एकटी गेली. नोंदणी कचेरीतल्या साहेबाने मान वर न करता विचारले, "बापाचं नाव?"

"बाप नाही. ऑटरक्लफ लावा. माझं आहे ते, म्हणजे त्याचंही आहेच."

त्या मुलाचे नाव जो. गावाने हाक पाडली, 'सेलिनाचा जो'. बापाच्या जागी आईचे नाव. आधी टोमणा म्हणून, मग सवयीने.

पुढे पहिले महायुद्ध आले. बँड वाजला आणि दरीतली पोरे एका रांगेत भरतीला उभी राहिली. गावची पोरे एकत्रच लढतील असे वचन त्यांना दिले होते. वचन पाळले गेले. फ्रान्समध्ये एका सकाळी, एकाच शेतात, ती एकत्रच पडली. प्रार्थनाघराच्या भिंतीवर दगड बसला, त्यावर मी एकाखाली एक कोरलेला. आयुष्यभर ज्यांना कोणी माझ्या नावाने हाक मारली नाही, त्यांच्यापुढे मला तेव्हा ओळीने लावले. ज्या घरांनी सेलिनाला दार लावले होते, त्यांचे सगळे मुलगे त्या दगडात गेले. सूड म्हणू नका. ती पोरे माझी होती. मी अजून त्यांच्यासाठी रडतो.

जो तेवढा वाचला. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने त्याची छाती धरली होती, म्हणून डॉक्टरांनी त्याला भरतीतून परत पाठवले. तेव्हा त्याचा मुलगा विल्फ्रेड नुकता शाळेत जायला लागला होता. म्हणजे मित्रांनो, दरीत त्यानंतर जो मी उरलो, तो सगळाच्या सगळा सेलिनाकडून आलेला. एवढे ध्यानात ठेवा, कारण माझा राग इथूनच पेटतो.

विल्फ मोठा झाला, मागांवरचा मुकादम झाला. बापाने त्याला सांगितले होते, तुझा आजोबा लवकर वारला. गावातल्या जुन्या माणसांना खरे ठाऊक होते, पण मुलाच्या मायेपोटी कोणी बोलले नाही. हाक मात्र राहिली. 'सेलिनाच्या जोचा विल्फ'. तो ती हाक ऐकून वळायचा आणि माझा अभिमान मिरवायचा. "आम्ही ऑटरक्लफ! आजोबा, पणजोबा, सगळे इथलेच," असे दारूच्या गुत्त्यात टेबलावर मूठ आपटून सांगायचा. त्याची बायको वारली होती. मुलगी एकच, हेझल. तिने डेरेक स्मिथशी लग्न केले होते. हो, तोच तो गल्लीगल्लीतला स्मिथ. पण पोरगा गोड होता.

एके दिवशी पॉमफ्रेट नावाचे निवृत्त शाळामास्तर विल्फच्या घरी आले. त्यांना दुर्मीळ आडनावांचा छंद. त्यांनी टेबलावर नकाशा पसरला. गेल्या शतकातल्या माझ्या टाचण्या दरीत मुंग्यांसारख्या दाटलेल्या. मग त्या विरळ होत गेल्या. शेवटी एकच लाल टाचणी राहिली, नेमकी विल्फच्या घरावर.

"हे तुम्ही," पॉमफ्रेट हळहळून म्हणाले. "तुमच्यानंतर हे नाव संपलं. फार दुर्मीळ नाव होतं हो!"

हेझल चहा ओतत होती. तिला सातवा महिना होता. ती थांबली. "आणि मी कोण? चहाची किटली?"

पॉमफ्रेट गडबडले. "तसं नाही, बाईसाहेब. मुली या नकाशात घेत नाहीत. त्या नवऱ्याच्या नकाशात जातात."

"मग तिथे आहे का मी?"

"स्मिथचा नकाशा कोणी करत नाही."

"ऐकलंत बाबा? मी कुठेच नाही! चहा मात्र मीच करायचा."

विल्फ हसला. हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती का ही? शेजारच्या बेकरीत पाव भाजणारी, दुधाच्या गाडीवरची, शाळेतली बाई, या सगळ्यांच्या आज्या माझ्या पाळण्यात झोपलेल्या. त्या दरीत माझे रक्त गल्लोगल्ली चालत होते आणि हे गृहस्थ एका टाचणीकडे बघून उसासे टाकत होते. मी दुर्मीळ झालेलो नाही हो. मला दुर्मीळ केले गेले. अर्धी माणसे मोजायचीच नाहीत आणि मग नाव संपले म्हणून गळा काढायचा!

विल्फने त्याहून मोठा घोटाळा केला. त्याला ते 'शेवटचा' असणे आवडले. तो पाथरवट अमोसकडे गेला आणि स्वतःच्या थडग्याचा दगड जिवंतपणीच कोरून घेतला. 'विल्फ्रेड ऑटरक्लफ, आपल्या घराण्यातला शेवटचा.' दगड अमोसच्या अंगणात भिंतीला टेकून उभा राहिला आणि विल्फ येणाऱ्याजाणाऱ्याला तो दाखवू लागला. माझ्या जिवंतपणी माझे थडगे! मला किंचाळता आले असते तर त्या अंगणातले सगळे दगड तडकले असते.

हेझलला मुलगी झाली. रुथ. गोरीपान, मुठी घट्ट मिटलेल्या, जावळ कोवळ्या गवतासारखे. दूध पिताना मधेच थांबून आईकडे बघायची, जणू खात्री करून घेत होती. हेझल तिला छातीशी घेऊन बापाच्या स्वयंपाकघरात आली. बरोबर डेरेक होता. शेजारची म्हातारी मिसेस क्लेग चुलीपाशी बाळाचे मोजे विणत बसली होती. लहानपणी तिने सेलिनाच्या मांडीवर बसून ओट्सचा केक खाल्ला होता.

"बाबा, उद्या नोंद करायला जातोय," हेझल म्हणाली. "आम्ही हिला ऑटरक्लफ लावणार."

विल्फच्या हातातला कप बशीवर आदळला. "खुळी झालीस? ती स्मिथ आहे."

"आमच्याकडे स्मिथ पोत्यानं आहेत," डेरेक म्हणाला. "एक कमी झाला तर आमच्या आईलासुद्धा कळायचं नाही."

"तू गप रे! पुरुषासारखा पुरुष आणि स्वतःचं नाव देत नाहीस?"

"मी तिचे लंगोट धुतोय, तेवढं पुरे आहे."

"फार तर मधलं नाव ठेवा," विल्फ जरा खाली आला. "रुथ ऑटरक्लफ स्मिथ. इथे ठेवतातच की आईचं नाव मधे."

"मधे कशाला? पाहुण्याला पायरीवर बसवतात तसं?" हेझलचा आवाज चढला, तशी ती बाळाला आणखी जवळ घेऊन थोपटू लागली. "तुम्ही त्या दगडावर काय कोरलंय ते मी वाचलं, बाबा. मी पोटुशी होते आणि तुम्ही 'शेवटचा' कोरून घेतलंत. मी तिथे उभी होते. ही आत लाथा मारत होती."

"अगं, ते बाईकडून जात नाही! कधी गेलंय? नाव बापाकडून येतं. माझं माझ्या बापाकडून आलं, त्याचं त्याच्या बापाकडून..."

"विल्फ," मिसेस क्लेगच्या सुया थांबल्या. "गाव तुला काय हाक मारतं?"

"काय म्हणजे? सेलिनाच्या जोचा विल्फ."

"जोच्या बापाचं नाव कुठं आहे त्यात?"

विल्फने बशीतला कप उगाच सरळ केला.

"इथं प्रत्येकाच्या हाकेत आजोबा असतो. तुझ्या हाकेत आजी आहे. साठ वर्षं गाव तुला एका बाईच्या नावानं हाक मारतंय, आणि मेल्या, तुला एकदासुद्धा वाटलं नाही का, की हे असं का?"

"आजोबा लवकर वारला..."

"पळाला तो. लग्न कुठलं नि काय कुठलं. सेलिनानं तुझ्या बापाला स्वतःचं नाव दिलं, एकटीनं. ती नसती तर तू कोणता ऑटरक्लफ असतास रे? आणि आता तिच्याच नावाचा दगड करून तिच्याच पणतीच्या पोरीला दार लावतोस?"

विल्फच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तो लेकीकडे बघेना, जावयाकडे बघेना. टोपी उचलून बाहेर पडला. हेझलला वाटले, आता बाबा कायमचे दुरावले. तरी दुसऱ्या दिवशी ती नोंद करायला गेली. साहेबाने विचारले तेव्हा तिने माझे नाव स्वच्छ, मोठ्याने घेतले. कित्येक वर्षांनी मला कोणी तरी मरणासाठी नव्हे, तर अशा कोवळ्या मुठीसाठी उच्चारत होते.

विल्फ अमोसच्या अंगणात गेला होता. "हे खोडता येईल?"

अमोसने दगडावर अंगठा फिरवला. "कोरलेलं खोडता येत नाही, विल्फ. फार तर दगड फिरवता येईल. मागची बाजू कोरी आहे."

काही वर्षांनी विल्फ गेला. त्याचा दगड आज कब्रस्तानाच्या भिंतीला लागून उभा आहे. पुढच्या बाजूला लिहिले आहे, 'विल्फ्रेड ऑटरक्लफ, सेलिनाच्या जोचा.' मागच्या बाजूचा तो 'शेवटचा' भिंतीकडे तोंड करून उभा आहे, वर्गात मास्तरांनी उभे केलेल्या मुलासारखा. त्याच्यावर शेवाळ चढते आहे. चढू दे.

तुम्हाला वाटेल, आता तरी याचा राग गेला असेल. नाही गेला. एक रुथ राहिली, पण पायरीवर काढून ठेवलेल्या त्या सगळ्या? मित्रांनो, माझ्यासारखी नावे तुमच्याकडेही असतील. ती काचेच्या कपाटात ठेवायला देऊ नका, त्यांच्या नकाशापुढे उसासेही टाकू नका. एवढेच करा. आज घरी जा आणि आईला विचारा, लग्नाआधी तिला काय म्हणत. मग तिच्या आईचे विचारा. त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला तर थांबा. ती नावे सांभाळा, मोठ्याने घ्या.

रुथ चार वर्षांची असताना तिने दगड आणि भिंत यांच्या फटीत हात घातला होता. बोटांना अक्षरे लागली.

"आई, इथे मागे काय लिहिलंय?"

"काही नाही गं," हेझल तिचा हात पुसत म्हणाली. "कुणीतरी चुकीचं लिहिलं होतं."