पाय वर होता

धाकट्या भावाने गाडीची चावी शर्टाच्या खिशात टाकून वरून खिसा थोपटला, तेव्हाच ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.  पण पुरावा सगळा तिच्याच विरुद्ध होता. दोनदा गाडी भर रस्त्यात गचकन थांबली होती, दोन्ही वेळा चालवत होती ती, आणि दोन्ही वेळा पुढे रस्ता साफ मोकळा होता. दुसऱ्या खेपेला मागचा स्कूटरवाला कसाबसा बाजूने निसटला आणि जाता जाता जे बोलला ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही.

"ताई, वय झालं की पाय चुकतो," धाकटा म्हणाला होता. "त्यात लाजायचं काय?"

"मी ब्रेक दाबला नाही. गाडीने स्वतःच दाबला."

"मग माझ्या हातात असताना का नाही दाबत? मीही चालवतोच ना रोज?"

घोडं अडत होतं ते इथेच. गाडी नव्या पद्धतीची होती. पुढे काही आडवं आलं आणि चालवणारा झोपेत असला तरी ती आपली आपण ब्रेक लावायची. पण आडवं काही आलंच नव्हतं. मेकॅनिकने तिला आपला कॉम्प्युटर जोडून बघितला, बाजारातून चक्कर मारून आणली आणि धाकट्याला सांगितलं, "काका, एकही बिघाड दाखवत नाही. सगळं ठणठणीत." झालं. गाडी ठणठणीत म्हटल्यावर बिघाड कुणात, हे वेगळं सांगायची गरज राहिली नाही.

ताई पोहायला शिकवायची. तलाव शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सकाळी तिकडे बसही जात नाही. तिच्या वर्गाला यायच्या त्या पन्नाशी-साठीच्या बाया, जन्मभर पाण्याला भ्यालेल्या, आता हट्टाने पाण्यात उतरलेल्या. त्यांच्यावर ताई काठावरून ओरडायची, "डोळे मिटून सांगता आलं पाहिजे आपला पाय कुठे आहे ते!" चावी गेल्यापासून वर्ग बंद होता. सोमवारी आली नाही तर दुसरी बाई नेमतो, असं तलावाच्या मॅनेजरने अगदी गोड आवाजात कळवलं होतं.

वर्ग जाईल याचं दुःख होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे ताईला स्वतःलाच आता खात्री वाटेना. जिन्यावरून उतरताना ती पायाकडे बघू लागली होती. खरंच दाबला असेल का मी? माझं मलाच कळलं नसेल का? हा किडा एकदा डोक्यात शिरला की माणसाला सुखाने जेवू देत नाही.

शनिवारी दुपारी वहिनी दारात उभी राहिली. वहिनी म्हणजे धाकट्याची बायको. तिचे डोळे शाळा बुडवणाऱ्या मुलीसारखे चमकत होते.

"वन्सं, हे केस कापायला गेलेत. शर्ट बदलून."

आणि तिने मूठ उघडली. मुठीत चावी होती, अर्थात प्लास्टिकच्या आवरणात. या घरात कुठलीच वस्तू कधी पुरती उघडी होत नसे. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, सोफ्याला कव्हर, फ्रिजच्या दारावर तो आणला त्या दिवशीचा पातळ पापुद्रा अजून तसाच. वस्तूचं नवेपण जाता कामा नये, हा धाकट्याचा ध्यास. त्याला घरात दोघीजणी प्लास्टिकराव म्हणायच्या, तोंडावरसुद्धा.

"अगं पण तो चिडला तर?"

"चिडू देत. मी तुमच्या शेजारी बसणार आणि रस्त्याकडे बघणारच नाही. तुमच्या पायाकडे बघणार. काय ते आज सोक्षमोक्ष लावून टाकू."

 वहिनीने बघितलं आणि पाय खरंच ब्रेकवर निघाला तर? मग भांडायचीसुद्धा सोय राहणार नाही. पण चप्पल तर पायात सरकवून झाली होती.

गोदामांच्या मागे एक लांबलचक सरळ रस्ता होता. शनिवारी दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. वहिनी वाकडी होऊन बसली, सीटचा पट्टा तिला गळ्याशी काचत होता, पण मान खाली घालून ती ताईच्या उजव्या पायावर नजर रोखून होती.

"चाळीस," ताई म्हणाली. "मागे कोणी नाही. पन्नास."

काही झालं नाही.

"साठ."

टीं टीं टीं टीं! काचेखालच्या पडद्यावर लालभडक गाडीचं चित्र उमटलं, गाडी गचकन दबली, पट्ट्यांनी दोघींना सीटवर आवळून धरलं. पुढे रस्ता पार टोकापर्यंत रिकामा होता.

"पाय वर होता!" वहिनी किंचाळली. "वन्सं, पाय वर होता! टीं टीं झालं तसा तुम्ही उचललात, अधांतरी होता! मी बघितला, आईशप्पथ बघितला, पाय वर होता!"

ताईने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ती रडली. आनंदाने रडली, जीव भांड्यात पडला म्हणून रडली. वहिनी तिच्या पाठीवर थापा मारत होती आणि स्वतःही नाक पुसत होती. दोन मिनिटांनी ताईने डोकं वर काढलं तेव्हा तिची मुद्रा साफ बदललेली होती. काठावरून ओरडणारी ताई परत आली होती.

"मेकॅनिकला फोन लाव. छडा लावल्याशिवाय घरी जायचं नाही."

मेकॅनिक फोनवर आधी गडबडला, मग त्यालाही चेव चढला. "साठला होतं? मी तर बाजारातून नेली, तिथे तिशीच्या वर काटा गेला नाही! मावशी, पुढच्या जाळीत मधोमध गोल बिल्ला आहे ना, कंपनीचा? त्याच्या मागे रडार असतं. गाडी त्यातून पुढचं बघते. काही चिकटलंय का बघा बरं."

दोघी गाडीपुढे उकिडव्या बसल्या. बिल्ला लखलखत होता. भोवतीची चंदेरी कडासुद्धा झकास. वहिनीने तरी ओढणीने खसाखसा पुसला. परत गाडीत, परत चाळीस, पन्नास, साठ. टीं टीं टीं! परत गचकन.

"पाय वर!" वहिनी आता मैदानावरच्या पंचासारखी ओरडत होती. तिला भलतीच मजा येऊ लागली होती.

ताईने गाडी बंद केली. "अगं, हा कधी साठने चालवतो का?"

"कोण, हे? ह्यांना सायकलवाले मागे टाकतात."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. धाकट्याच्या हातात गाडी का शहाण्यासारखी वागते, ते एकदाचं उघड झालं. तो तिला साठपर्यंत जाऊच देत नव्हता!

"म्हणजे साठला काहीतरी होतंय, जे पन्नासला होत नाही," ताई म्हणाली. "रस्ता तोच. चाकं तीच. वाढतं ते काय?"

"आवाज?"

"वारा!" ताई दार उघडून धावलीच. गुडघे टेकून तिने बिल्ल्यावर फुंकर मारली. काही हललं नाही. गाल फुगवून पुन्हा मारली, डोकं गरगरलं, बिल्ला तसाच. तेवढ्यात वहिनीने मागच्या सीटवरचा, उन्हात काचेला लावायचा तो मोठा पुठ्ठा ओढून काढला आणि दोन्ही हातांनी पंख्यासारखा असा काही हाणला की ताईचे केस उडाले.

आणि बिल्ल्याची चंदेरी कडा उडाली.

पुरती उडाली नाही. खालच्या अंगाला बोटभर लांबीची पट्टी सुटून फडफडली आणि वारा थांबताच पुन्हा चपखल जागेवर बसली. ताईने नखाने उचलली. कडा कसली, चंदेरी टेप होती ती, पत्र्यासारख्या पातळ धातूची. तिच्याखाली प्लास्टिकचा एक पापुद्रा. त्याच्याखाली आणखी एक.

"अगं बाई," वहिनी खाली बसलीच. "प्लास्टिकराव!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. बिचारी गाडी! नाकासमोर कोणीतरी पत्रा नाचवतंय असं दिसल्यावर ती थांबणार नाही तर काय करणार? गोदामाचा पहारेकरी फाटकातून डोकावून बघून गेला, तरी दोघी पोट धरून रस्त्यावरच बसलेल्या. वहिनीने पट्टी ओढायला हात घातला, तसा ताईने तो धरला.

"थांब. ज्याने लावलंय त्यालाच काढू दे."

घरी धाकटा फाटकाशीच उभा होता. डोकं ताजं कापलेलं, मानेवर केस तसेच, चेहरा लालबुंद. "ताई! कोणाला विचारून गाडी..."

"ही घे चावी," म्हणत ताई वहिनीला घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसली. "तू चालव. गोदामांच्या रस्त्याला घे."

तिच्या आवाजात तलावाच्या काठावरचा तोच हुकूम होता. लहानपणी याच आवाजाने तिने त्याला पाण्यात उतरवलं होतं. तो स्टिअरिंगमागे जाऊन बसला.

"साठ कर," ती मागून म्हणाली.

"साठ कशाला? पंचेचाळीस पुरे आहेत."

"साठ."

त्याने देवाचं नाव घेतलं आणि पाय दाबला. टीं टीं टीं! गचकन! धाकट्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

"मी काही केलं नाही!" तो ओरडला. "मी ब्रेक दाबलाच नाही! गाडीने स्वतःच..."

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"वय झालं की पाय चुकतो," वहिनी गोड आवाजात म्हणाली. "त्यात लाजायचं काय?"

खाली उतरून ताईने पट्टी दाखवली. तो बिल्ल्यासमोर उकिडवा बसला. पहिला पापुद्रा गाडीबरोबरच आला होता. त्याचा कोपरा सुटला तेव्हा त्याने वर दुसरा लावला होता आणि कडेने टेप, अगदी एकजीव दिसेल अशी. ओरखडा येऊ नये म्हणून. बोलताना त्याचा आवाज बारीक होत गेला. "आणि मी तुझ्याकडून चावी काढून घेतली," तो म्हणाला.

"घेतलीस," ताई म्हणाली. तिने ते सोपं करून दिलं नाही.

त्याने टेप काढली. मग एक पापुद्रा, मग दुसरा. जणू स्वतःचीच कातडी सोलत होता. ताई चालकाच्या जागेवर बसली, धाकटा शेजारी, वहिनी मागे. चाळीस, पन्नास, साठ. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली, टोकापर्यंत, एकदाही न कुरकुरता. ताईला मोठ्याने गावंसं वाटलं. तिने बाजूला बघितलं तर धाकट्याची मान खाली होती. तो तिच्या पायाकडे बघत होता.

तिला दिसलं हे त्याला कळलं. तो ओशाळला. त्याने मान वर केली आणि परतीच्या सगळ्या वाटेवर समोर रस्त्याकडेच बघत राहिला.

घराशी आल्यावर त्याने चावी हातात घेतली आणि तिचं प्लास्टिकचं आवरण दातांनी फाडलं. वहिनी बघतच राहिली. या घरात असं कधी झालं नव्हतं. उघडी चावी त्याने ताईच्या तळहातावर ठेवली.

"माझं चुकलं, ताई. सोमवारी लवकर निघायचं असेल ना? गाडी बाहेर काढून ठेवीन मी."

"राहू दे," ताई म्हणाली. "मीच काढेन."